कुठलेही पाच ढोमे

माझ्या संशयी स्वभावाची कीर्ती माझ्या आधी सासरी पोचली होती. लग्न ठरवायला गेलेल्या नामाकाकाने, म्हणजे बाबांच्या चुलत भावाने, माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं म्हणे, "पोरगी गुणाची हाय, पण मीठ खारट हाय हे बी ती चाखल्याशिवाय मानायची नाय." खोटं कशाला बोलू, तसंच आहे. आजही रिक्षाचं मीटर पडताना मी वाकून बघते. नातू मोबाईलवर उद्याचं हवामान दाखवतो तेव्हा मी विचारते, "ह्याला कोणी सांगितलं?" तो म्हणतो, "आजी, उपग्रहाने." मी म्हणते, "मग पापड मी परवाच वाळत घालते." पण खारदांड्याच्या माहेरच्या घरातलं ते वर्ष आठवलं की या स्वभावाचा मला रागच येतो. सगळ्या जगावर संशय घेतला आणि जिथे घ्यायला हवा होता तिथे डोळे मिटून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढे ओटी, ओटीपुढे बोंबील वाळवायची बांबूची वलांडी, आणि तिच्यापलीकडे होड्या ओढून ठेवायची जागा. वरून विमानं इतकी खालून जायची की बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून थांबायचा आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलायचा. बाहेरची माणसं यायची ती दचकायची. आम्ही भांडणातसुद्धा असं थांबायचो. आईचा कान मात्र विमानाकडे नसायचा, इंजिनांकडे असायचा. पाण्यावर वीस होड्या असल्या तरी बाबांच्या इंजिनाचा खोकला ती चुलीपाशी बसून ओळखायची. "आले," म्हणायची आणि तव्यावरची तांदळाची भाकरी माझ्या हवाली करून पाटी घेऊन उठायची. त्या भाकरीबरोबर बहुतेक दिवशी ढोम्याचं आंबट असायचं, भरपूर लसूण आणि चिंच घातलेलं. ढोमा हा काही पापलेटसारखा मिरवणारा मासा नाही. करड्या-चंदेरी रंगाचा, मऊ मांसाचा, गरिबाच्या ताटातला. पण आमच्या घरात त्यानेच आम्हाला वाढवलं.

बाबांचं जाळं डोलीचं. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या दोन खुंटांना बांधलेली लांबच लांब जाळ्याची पिशवी. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि जे येईल ते शेवटच्या बारीक जाळीत साठतं. माशामागे धावायचं नाही, खुंटा धरून बसायचं. आमचा खुंटा आजोबांच्या वेळेपासूनचा, समुद्रातली आमची तेवढीच जमीन. त्या वर्षांत ढोमे कमी होत चालले होते आणि कारणं मात्र वाढत चालली होती. आम्ही म्हणायचो, बाहेरचे मोठे ट्रॉलर तळ खरवडून नेतात. कोणी म्हणायचं, कारखान्यांचं पाणी. आणि सरकारात कोणीतरी म्हणत होतं की डोलीची बारीक जाळी पिल्लं मारते, तेव्हा आमच्या भागातल्या डोली बंदच कराव्यात. बंद म्हणजे बंद. बाबांना दुसरं काही येत नव्हतं. ते दोनदा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जाऊन बघून आले होते आणि दोन्ही वेळा आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते.

अशात साठेबाई आल्या. मासळीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेतल्या, अंधेरीला कचेरी. बारीक चणीच्या, सुती साडी, पायात पुरुषी चपला. नावाआधी डॉक्टर होतं, म्हणून पहिल्याच दिवशी नामाकाकाने त्यांना गुडघा दाखवला. ढोमे खरोखर लहानपणीच पकडले जातात का, ते वर्षभर मोजून बघायचं आणि त्यावरून डोलीचा निकाल लागायचा, असं त्यांनी समाजाच्या सभेत सांगितलं. नामाकाका मच्छीमार सोसायटीचा पुढारी. त्याने उभं राहून विचारलं, "बाई, निकाल आधी लिवून आणलाव की नंतर लिवनार?" सगळे हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "आधी माहीत असता तर या उन्हात कशाला आले असते?" हे उत्तर कोणालाच पटलं नाही. मला तर मुळीच नाही. सरकारचा माणूस उन्हात येतो तेव्हा त्याला काहीतरी न्यायचं असतं, ही आमच्याकडची समजूत.

त्यांना मोजणारी मुलगी हवी होती. गावात बारावीला सायन्स घेऊन पास झालेली मी एकटी, म्हणून मीच. आईने हो म्हणायला वेळ लावला नाही. नामाकाका मला बाजूला घेऊन म्हणाला, "जा तू. आपलं एक मानूस आत असलेलं बरं. काय लिवतं ती, डोळं उघडं ठेवून बघ." म्हणजे मी एकाच वेळी बाईंची मदतनीस आणि गावाची हेर झाले. दोन्ही कामं मला आवडली, हेर असण्याचं जरा जास्तच.

कामाच्या पहिल्या दिवशी बाई घरी आल्या. आईने त्यांना ओटीवर पाट दिला, चहा दिला, वर कुरकुरीत बोंबील तळून दिले. बाईंनी ते सगळे खाल्ले. आई तिथेच विरघळली. बाईंनी लाकडाची मोजपट्टी लावलेली फळी काढली, वही काढली, छोटी कागदी पाकिटं काढली आणि समजावलं, "मोतीबाई, होडी आली की तुमच्या पाटीतले कुठलेही पाच ढोमे जयवंतीला द्यायचे. ती लांबी मोजेल आणि डोक्यातला खडा काढून पाकिटात ठेवेल. कुठलेही पाच. मुद्दाम काही करायचं नाही."

"पाचच?" आई म्हणाली. "धा घ्या की! आमाला काय जड हाय?"

"पाच पुरेत. पण रोज."

"रोज देतो. बाई, तुमी सांगूच नका."

त्या सांगूच नका म्हणण्याकडे मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष बाईंच्या पिशवीत आणखी काय आहे तिकडे होतं.

काम असं चालायचं. होडी लागली की आई ओल्या वाळूत पाटी टेकवायची, आपल्या हाताने पाच ढोमे काढून माझ्या ताटलीत टाकायची आणि बाकीचं म्हावरं घेऊन बाजाराकडे झपाझप चालू पडायची. मी ओटीवर फळी मांडून मोजायची. चोवीस सेंटिमीटर, सव्वीस, पंचवीस. मग सुरीने डोकं उघडून आतले दोन खडे काढायची. ढोम्याच्या कानात पांढरे दगड असतात, तांदळाच्या दाण्याहून मोठे, हाताला शिंपल्यासारखे गुळगुळीत. आम्ही लहानपणी त्यांनी खेळलो होतो. त्यातून माशाचं वय कळतं हे मात्र पहिल्यांदाच ऐकत होते. डोकं कापलेले मासे संध्याकाळी आंबटात पडायचे. वर्षभर आम्ही बिनडोक्याचे ढोमे खाल्ले, आणि बाबा रोज ताटात बघून म्हणायचे, "आज बी शहाणाच आला वाटतं."

शनिवारी मी पाकिटं घेऊन अंधेरीला जायची. बाईंच्या खोलीत स्पिरिटचा वास, खिडकीत पाण्याची बाटली, टेबलावर दुर्बीण उलटी करून ठेवल्यासारखं ते सूक्ष्मदर्शक. एकदा बाईंनी खड्याची पातळ चकती घासून काचेवर लावली आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत झाडाच्या खोडासारखी वलयं होती. एकात एक, काही ठळक, काही पुसट. मी थक्क झाले. माशाच्या कानात असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि आम्ही त्याने सागरगोट्यांसारखे खेळत होतो!

"मोज," बाई म्हणाल्या.

मी मोजली. "सहा."

त्यांनी डोळा लावला. "मला चार दिसतात." मग शेजारच्या टेबलावरच्या कामतांना बोलावलं. हे त्यांचे सहकारी, सदा पान खाल्लेले. ते म्हणाले, "पाच. आणि हे बाहेरचं धरलंत तर सात."

"मग खरी किती?" मी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "थंड देशांत हिवाळ्यात मासा वाढायचा थांबतो, म्हणून दर वर्षाची एक स्पष्ट रेघ पडते. आपलं पाणी बारा महिने उबदार. इथे रेघ हिवाळ्याची आहे, पावसाळ्याची आहे, की अंडी घातल्याची, ते अजून कोणालाच नक्की सांगता आलेलं नाही. हा ढोमा एक वर्षाचाही असेल, तीन वर्षांचाही."

त्यांनी हे इतक्या आनंदाने सांगितलं की माझ्या मनात पाल चुकचुकली. माहीत नाही हे सांगताना माणूस खाली बघतो. परीक्षेत आम्ही बघायचो, डॉक्टर बघायचे, रेशनच्या दुकानातला माणूस तर बघायचाच. ही बाई माहीत नाही म्हणताना हसते? घरी येऊन मी नामाकाकाला सगळं सांगितलं. तो विडी विझवून म्हणाला, "वंते, यवढी शिकली बाय आन् माशाचं वय सांगता येत नाय? पानी मुरतंय कुठंतरी. नंतर सोयीचा आकडा टाकायला जागा ठेवलीय तिनं." मला पटलं. एवढं पटलं की पुढच्या शनिवारी बाई हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांची मोठी वही उघडून बघितली. तिच्यात माझेच आकडे जसेच्या तसे उतरवलेले होते आणि वयाच्या रकान्यात जागोजागी प्रश्नचिन्ह. मी तीन पानं चाळली. प्रश्नचिन्हंच. मला वाटलं, खरी वही दुसरीकडे असणार.

पावसाळ्यात होड्या वर आल्या, नारळी पौर्णिमेनंतर परत गेल्या, आणि मोजणं पुन्हा सुरू झालं. माघाच्या सुमारास बाईंच्या बोलण्यात वेगळाच उत्साह यायला लागला. किनाऱ्यावर इतर चार ठिकाणीही त्यांची माणसं मोजत होती आणि तिथले डोलीतले ढोमे बोटभर निघत होते. फक्त आमच्याकडचे मोठे, भरलेले. एकही पिल्लू नाही. बाई नकाशा पसरून मला दाखवायच्या. "इथे काहीतरी आहे, जयवंती. खाडीचं पाणी, प्रवाह, खाणं, काहीतरी. कदाचित पिल्लं इथे येतच नसतील. कदाचित इथला ढोमा लवकर वाढत असेल. हे कोणीच नोंदवलेलं नाही." महिन्याभरात त्या हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत मांडणार होत्या आणि सरकारला अहवाल जाणार होता. अहवाल असा गेला तर आमची डोल वाचणार होती. गावात बातमी पसरली. ज्या नामाकाकाने बाईंना निकाल आधी लिहून आणला का म्हणून विचारलं होतं तोच आता सांगत फिरायला लागला, "बाय एक नंबर हाय! शास्त्र म्हंजे शास्त्र!" बाबा त्या दिवसांत जाळं शिवताना गुणगुणायचे. मी त्यांना त्याआधी गाताना ऐकलं नव्हतं.

मी एकटीच खुश नव्हते. आपल्या बाजूने निकाल लागला की बाकीच्यांचा संशय फिटतो, माझा वाढतो. बाईंना आमचं एवढं प्रेम कशासाठी?

मग आई मढला तिच्या भाचीच्या लग्नाला गेली, तीन दिवसांसाठी. जाताना म्हणाली, "म्हावरं काकीच्या पाटीतून बाजारात जाईल. तुझे पाच तू घे." पहिल्या दिवशी होडी आली. मी पाटीत हात घातला, हाताला लागले ते पाच काढले आणि ओटीवर बसून फळीवर ठेवले. नऊ सेंटिमीटर. अकरा. आठ. दहा. एकच काय तो बावीस.

मी फळी उलटीसुलटी करून बघितली. मोजपट्टी सरकली असेल. नव्हती. मग वाटलं, बाबांनी आज जागा बदलली. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "खुंटा काय चालतो का?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने तीनदा पाच-पाच काढले. पंधरात मोठे तीन. त्या रात्री मी पडल्या पडल्या सगळ्यांवर संशय घेतला. समुद्रावर, चंद्रावर, ट्रॉलरवाल्यांवर, शेजारच्या होडीवाल्यावर, आणि अर्थातच साठेबाईंवर. त्यांनी काहीतरी टाकलं असेल पाण्यात, इथपर्यंत माझी मजल गेली. हे आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी हे खरंच मानत होते.

आई परतली ती लग्नाचे लाडू घेऊन. ती पाय धूत होती तेव्हा मी विचारलं, "आये, तू मला ढोमे कसे काढून द्यायचीस गो?"

"कसे म्हंजे? चांगले बघून."

"चांगले बघून?"

"मग काय!" ती तांब्या खाली ठेवून माझ्याकडे वळली. "बाई आपल्या घरचं खातं, पाटावर बसतं. तिला बोटायवढं म्हावरं देऊ? कचेरीत चार मानसं बघनार. बोलतील, मोतीच्या पाटीत यवढंच असतं. नाव कोनाचं जाईल?"

"पण बाई म्हणाल्या होत्या, कुठलेही पाच!"

"तसं मानसं बोलतात गो. पावना आला, कायबी चालंल बोलला, म्हनून तू त्याला कालची भाकर घालतंस?"

आई खोटं वागलीच नव्हती. तिच्या हाताला ती सवयच नव्हती. तीस वर्षं बाजारात तिने वाटा लावताना मोठा मासा वर ठेवला होता आणि मानाच्या माणसाला नेहमी वरचाच दिला होता. समुद्रात कोणीच न नोंदवलेलं ते जे काहीतरी होतं, खाडीचं पाणी म्हणा, प्रवाह म्हणा, ते माझी आई होती. आणि मी रोज तिच्यासमोर ताटली धरून उभी राहायचे. बाईंच्या चोरून वह्या बघितल्या, पण हातभर अंतरावरचा आईचा हात नाही बघितला. माझी मलाच अशी शरम वाटली की मी मोरीत जाऊन रडले.

नामाकाकाला कोणी सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी तो दारात हजर. "अळीमिळी गुपचिळी," तो म्हणाला. "समजलं ना? अहवाल जाऊ दे. बायच्या नावाचा डंका वाजंल, आपली डोल वाचंल. कोनाचं वाईट झालं?"

"बाईंचं," मी म्हणाले. "उद्या दुसऱ्याने कोणी येऊन मोजलं तर?"

"तवाचं तवा बघू. तू शानी हायस ना? मग बापाच्या जाळ्याला आपल्या हातानं कातर लावू नको."

मी बाबांकडे बघितलं. ते जाळं शिवत होते, गुणगुणणं थांबलं होतं. वरून विमान गेलं, ते गेल्यावरही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "जाळं माझं हाय. वही तुझी हाय." याचा अर्थ जा असा की जाऊ नको असा, मला तेव्हा कळला नाही. खरं सांगायचं तर आजही कळलेला नाही. त्यांना नंतर विचारायचं राहून गेलं.

शनिवारी मी अंधेरीला गेले आणि साठेबाईंना सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आता ही बाई खरी कळेल, असं मनात होतं. एक तर चिडेल, नाहीतर हळूच म्हणेल, राहू दे, कोणाला बोलू नको. तसं म्हणाल्या असत्या तर माझा सगळा संशय खरा ठरला असता, आणि खोटं का बोलू, माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला तेच हवं होतं. मग मला गप्प बसता आलं असतं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा उतरला, चष्मा काढून त्यांनी डोळे दाबून धरले. "वर्षभर," एवढंच म्हणाल्या. मग कामतांकडे वळून, "बैठकीतलं माझं नाव काढा." कामत म्हणाले, "अहो, दोन ओळींची तळटीप टाकू ना." बाई म्हणाल्या, "कशावर टाकू? पायाच नाही." मला वाटलं आता माझ्यावर येणार. त्यांनी चष्मा घातला आणि विचारलं, "चूक माझी आहे. कुठलेही म्हणजे काय, ते मी समजावलंच नाही. मोतीबाईंना वाईट वाटलं का गं?"

पुढच्या आठवड्यात समाजाच्या हॉलमध्ये सभा झाली. सरकारी अधिकारी आले होते. त्यांनी सरळ विचारलं, डोल बंद करायची की नाही? बाई उभ्या राहिल्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "या गावातले माझे आकडे चुकले. मोजायची पद्धत मी नीट सांगितली नव्हती. पुन्हा मोजावं लागेल."

हॉलमध्ये जे उठलं ते काय सांगू! "इकली गेली," "ट्रॉलरवाल्यांनी घेतली इकत," "वर्सभर आमचं म्हावरं खाल्लं आन् आता माहीत नाय?" नामाकाकाला खरं ठाऊक होतं, तरी तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. बाई उभ्याच होत्या. त्यांनी आईचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं नाही. मी मान खाली घालून बसले होते. माझं तोंड उघडलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

बायकांच्या बाजूने आई उठली. पदर खोचला. "ये, गप बसा रे!" तिचा बाजारातला आवाज लागला आणि हॉल खरंच गप्प झाला. "बायला कोनी इकत नाय घेतली. म्हावरं मी निवडून दिलं. मोठं मोठं. रोज. माझ्या पाटीत बारीक बी असतं, आन् लय असतं, आन् हितं बसलेल्या समद्यांच्या पाटीत असतं. हाय का नाय? बोला ना आता!"

आईच्या कपाळावर घाम होता. जिच्या पाटीला खारच्या बाजारात कोणी बोट लावून ताजेपणा बघत नसे, तिने चारचौघांत स्वतःच्या पाटीला बारीक म्हटलं होतं. ती खाली बसली तेव्हा शेजारच्या दोघी थोड्या सरकल्या. मी बघितलं ते.

पुढे जाळ्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण लोक मला तेवढंच विचारतात. दुसऱ्या वर्षाच्या मोजणीनंतर डोल पूर्ण बंद झाली नाही, पण दोन महिने उचलायची ठरली आणि शेवटची जाळी मोठ्या डोळ्यांची करावी लागली. बाबा ते दोन महिने चारकोपला एका कारखान्यात पहारेकरी म्हणून जायचे. गणवेश घालून निघताना ते मागच्या गल्लीने जायचे. नामाकाका आमच्या घरी जेवायला यायचा बंद झाला, तो माझ्या लग्नाच्या बोलणीलाच परत आला. काही वर्षांनी ढोमे थोडे वाढले. मी आनंदाने बाईंना कळवलं, तर त्यांचं पत्र आलं की हे जाळीमुळे झालं, पावसामुळे झालं की आणखी कशामुळे, ते आपल्याला अजून सांगता येणार नाही. मी चिडून ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. मनात म्हटलं, या बाईला एकदा तरी हो म्हणायला काय होतं! माझा नातू आता हेच शिकतो, आणि तो म्हणतो की त्या खड्यातल्या रेघांवर अजून वाद चालू आहेत. मी त्याला म्हटलं, बघ, मी पहिल्याच दिवशी सहा म्हणाले होते.

पण मला सांगायचं होतं ते सभेनंतरच्या पहिल्या दिवसाचं. बाईंनी नवा नियम केला होता, पाच नकोत, अख्खी पाटी ओतायची आणि सगळे ढोमे मोजायचे. मला वाटलं आई आता पाटीला हात लावू देणार नाही. दुपारी इंजिन ऐकू आलं. ती उठली, पाटी घेऊन आली आणि ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी, उपडी केली. बाजाराला उशीर होत होता. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, फळी माझ्याकडून ओढून घेतली आणि स्वतःच एकेक मासा ठेवून आकडा सांगायला लागली. मोठे चार-पाच निघाले, ते पहिल्यांदाच संपले. मग सगळे बारीक. बाबा दाराशी उभे होते. गल्लीतून जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या.

"नऊ. लिही. आठ. लिही. धा."

मी लिहीत होते आणि मेल्या सवयीने माझी नजर तिच्या लुगड्याच्या घोळाकडे गेली, एखादं पिल्लू तिथे दडवलं तर नाही ना. आईने ते पकडलं. तिने लुगडं झटकून दाखवलं. खाली काही नव्हतं.

"आये," मी हळूच म्हणाले, "हे असंच निघत राहिलं तर बाबांची डोल..."

"मना काय कळत नाय?" तिने बाबांकडे न बघता पुढचा मासा उचलला, फळीवर ठेवला, त्याची वळलेली शेपटी अंगठ्याने सरळ केली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "सात."

मी सात लिहिलं.